आवाजाच्या टप्प्यात

मर्विन हॉगस्टॅडला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा सगळ्यांना त्रासही होता. पत्त्यांत त्याला जोडीदार मिळत नसे. हातात चांगली राणी आली की याचे कान लालबुंद. चाळीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला. पहाटे गोठ्यागोठ्यावर जायचं, टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा, दूध चांगलं असेल तर नळी लावायची, नसेल तर पुढच्या गोठ्यावर. एका वसंतात खुद्द त्याच्या वडिलांच्या गाई रानकांद्यात शिरल्या आणि दुधाला कांद्याचा वास यायला लागला. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी त्याला सर्दी झाली असती. मर्विननं वडिलांच्या देखत सगळी टाकी गटारात सोडायला लावली. म्हातारा जूनपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

धाकटा भाऊ रोली तेव्हा म्हणाला होता, "मर्व, देवानं तुला जीभ दिली, पण लगाम द्यायचा विसरला बघ."

रोलीचं सगळंच उलटं. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता. बोलण्यात कुणाला हार जायचा नाही, आणि शिकारीच्या गोष्टी तर अशा रंगवायचा की मेलेल्या हरणालाही खऱ्या वाटाव्यात. दोघे भाऊ दर नोव्हेंबरात वडिलांच्या वेळच्या फळकुटांच्या खोपटात जायचे. नारिंगी टोप्या, लोणच्यातले हेरिंग मासे, थोडी ब्रँडी आणि नऊ दिवस हरणं. आमच्या विस्कॉन्सिनात हरीण एकट्याचं नसतं, पार्टीचं असतं. तुझा टॅग, म्हणजे एका हरणाच्या परवान्याची चिठ्ठी, शिल्लक असेल आणि हरीण माझ्यासमोर आलं, तर मी ते तुझ्या टॅगवर मारावं. कायदाच तसा आहे. अट एवढीच, की तू माझ्या नजरेच्या नाहीतर आवाजाच्या टप्प्यात पाहिजेस. पोरं बाराखडीआधी हे शिकतात. मग संध्याकाळी ज्याचा टॅग तो छाती काढून सांगतो, "मी मारलं!" ज्यानं गोळी झाडली तो ओरडतो, "काय सांगतोस! मी मारलं!" आणि सगळं खोपट हसतं. वर्षानुवर्षं तोच विनोद. शिळा होत नाही.

पण रोलीला पश्चिमेचं वेड लागलं होतं. त्याला मोंटानाच्या माळावरचं म्यूल डिअर हवं होतं, खेचरासारख्या मोठ्या कानांचं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथला परवाना सोडतीत नंबर लागला तरच मिळतो. दोघा भावांनी एकत्र अर्ज टाकायला सुरुवात केली. एका वर्षी नंबर लागला नाही, एका वर्षी रोलीचा गुडघा गेला, एका वर्षी त्याची बायको आर्डिस ऑपरेशनला होती. रोली मात्र दर मार्चला त्यांच्या नियमांचं पुस्तक मागवायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचा. चर्चमध्ये बायबल उघडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण हे पुस्तक त्याला पाठ. बैठकीच्या खोलीत त्यानं भिंतीवर एक खिळाही ठोकून ठेवला होता, शिंगांसाठी. आर्डिसनं त्यावर कॅलेंडर लावलं की तो काढून ठेवायचा.

नवव्या वर्षी नंबर लागला. त्याच वसंतात डॉक्टरांनी सांगितलं, की रोलीची फुप्फुसं दगड होत चालली आहेत. कोठारातली धूळ असेल, नाहीतर नशीब असेल. दोन्हीवर औषध नव्हतं.

"पुढच्या वर्षी जाऊ," मर्विन म्हणाला.

रोलीनं नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली. "पुढच्या वर्षी तू जाशील. मी पेटीतून येऊ का?"

आजारी माणसाला गाडीत बसून गोळी झाडायची वेगळी परवानगी मिळते. त्या अर्जावर डॉक्टरांना 'अपंग' असं लिहावं लागतं. तो शब्द वाचून रोलीनं अर्ज चुलीत घातला. आर्डिस रडली, चिडली, आणि शेवटी मर्विनला दारात गाठून म्हणाली, "घेऊन जा त्याला. पण हरीण मिळाल्याशिवाय आणू नकोस. रिकाम्या हातानं परत आला तर तो इथं त्या खिळ्याकडं बघत मरेल, आणि मला ते बघवणार नाही."

मर्विननं शब्द दिला. त्यानं दिलेला शब्द म्हणजे सही-शिक्का.

ऑक्टोबरच्या शेवटी ते निघाले. मागे सिलिंडर, बर्फाची खोकी, बंदुका आणि मर्विनची म्हातारी स्पॅनियल कुत्री टिली. दोन दिवस गाडी चालवून ते एका गुराख्याच्या माळावर पोचले. हाती पाच दिवस होते.

पहिल्या सकाळी पक्षी. मर्विन टिलीला घेऊन गहू कापलेल्या शेताच्या कडेकडेनं चालला आणि रोली गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला थांबला. टिलीनं झुडपात नाक खुपसलं आणि ग्राउजचा थवा भर्रकन उठला. मर्विननं दोन पाडले. बाकीचे रोलीच्या डोक्यावरून गेले. त्यानं बंदूक उचलली, पण खांद्याला लागेपर्यंत पक्षी डोंगराआड गेले होते. तो गाडीच्या बॉनेटवर रेलून बराच वेळ खोकत राहिला.

"एक पंख अंगाला राहू दे, साफ करताना," तो दम खात म्हणाला. "पान एकोणीस. नाहीतर कुठला पक्षी ते तपासणाऱ्यांना कळत नाही."

"वाचत बस तू तुझं पुराण," मर्विन म्हणाला, पण पंख ठेवला.

हरणं दिसत होती, तीच तर मेख होती. दुसऱ्या दिवशी एक चांगला नर दरीच्या तोंडाशी उभा होता. गोळी झाडायच्या जागेपर्यंत रोलीला वीस पावलं चालायचं होतं. सहाव्या पावलाला तो खाली बसला. तिसऱ्या दिवशी मर्विननं बादली उपडी घालून त्याला बसवलं, बंदूक तिकाटण्यावर टेकवून दिली, आणि हरीण स्वतःहून समोर आलं. रोलीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तिच्याबरोबर बंदुकीची नळीही. गोळी कुठं गेली ते माळालाच ठाऊक. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि तो गाडीतून उतरलाच नाही.

मर्विनच्या खिशात त्याचा स्वतःचा टॅग होता. एकदा त्याच्यासमोर साठ पावलांवर नर आला, तरी त्यानं बंदूक उचलली नाही. आधी रोलीचं, मग आपलं. रोलीनं ते गाडीच्या आरशात पाहिलं आणि शिव्या दिल्या. "माझ्यापायी उपास करतोस होय रे, म्हसोबा?" पण आवाजात जोर नव्हता. मोटेलवर परतताना सिलिंडर मोजले तर घरी पोचण्यापुरतेच उरले होते. रिकाम्या हातानं परत आणू नकोस, हे आर्डिसचं वाक्य त्याच्या कानात घण घालत होतं. त्यानं आयुष्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी दाढी करताना त्यानं आरशासमोर उभं राहून एक हरीण मागितलं.

पाचव्या सकाळी ते आलं. धुकं उठलं तेव्हा रोली बादलीवर बसला होता आणि मर्विन त्याच्यापासून दहा पावलांवर. उतारावरच्या रानटी झुडपांतून आधी कान दिसले, मग शिंगं. दोन्ही बाजूंना दुहेरी फाटे. असा नर रोलीनं नऊ वर्षं नुसता चित्रात पाहिला होता.

रोलीनं बंदूक उचलली. बंदुकीची नळी निशाणावर ठरेना. त्यानं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं की कशानं ते मर्विनला विचारवलं नाही.

"मर्व." आवाज जेमतेम ऐकू आला. "तू मार."

"थोडं थांब. दम घे. तो उभा आहे अजून."

"तू मार रे. माझ्या टॅगवर. घरच्यासारखं."

मर्विननं अंतर पाहिलं. भाऊ दहा पावलांवर. नजरेच्या टप्प्यात, आवाजाच्याही टप्प्यात. सगळं नियमाला धरून. त्यानं गोळी झाडली आणि हरीण जागीच बसलं.

हरणापर्यंत गाडी नेता येत नव्हती. मर्विननं भावाला पाठुंगळी घेतलं, एकाहत्तर वर्षांच्या माणसानं सहासष्टच्या माणसाला, आणि सिलिंडर टांगलं गळ्यात. रोलीचं वजन टिलीपेक्षा फार जास्त राहिलं नव्हतं. हरणाजवळ बसून रोलीनं शिंगांचा एकेक फाटा मोजला. मग चाकू काढून स्वतःच्या हातानं टॅगवर महिना आणि तारीख खाचली, आणि टॅग शिंगाला बांधला. गाठ बांधायला त्याला पाच मिनिटं लागली. मर्विननं हात पुढे केला नाही.

"मी मारलं," रोली म्हणाला.

"काय सांगतोस! मी मारलं!" मर्विन ओरडला, आणि दोघेही हसले. रोलीचं हसू खोकल्यात गेलं. तरी तो हसतच राहिला. मर्विनला वाटलं, आता काही झालं तरी चालेल.

परतीच्या वाटेवर तपासणीचा नाका होता. हरीण असलं की थांबावंच लागतं. एका मुलीनं हातमोजे घालून हरणाच्या गळ्यातून दोन गाठी काढल्या, हरणांच्या रोगाच्या तपासणीसाठी. टॅगवरचं नाव बघून तिनं अर्ज भरला: रोलंड हॉगस्टॅड, पत्ता, नमुना क्रमांक. "डोकं आणि कणा इथंच ठेवायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शिंगं स्वच्छ करून नेता येतील," ती म्हणाली.

"पान चाळीस," रोली म्हणाला. ती हसली.

मग शिकारखात्याची वॉर्डनबाई आली. तिशीची असेल, गालावर उन्हाचे चट्टे. तिनं शिंगं पाहून शीळ घातली आणि गाडीच्या खिडकीशी आली.

"अभिनंदन, सर! झकास नर आहे. किती अंतरावरून मारलात?"

"दोनशे..." रोलीला दम लागला. "दोनशे पावलं. बसून. मी मारलं."

आता मर्विनच्या बाजूनं विचार करा. पन्नास वर्षं हे वाक्य ऐकल्यावर त्याच्या तोंडून एकच उत्तर आलं होतं. शिवाय आज त्याचा ऊर भरून आला होता. तो गाडीला वळसा घालून आला आणि खो खो हसत म्हणाला, "काय सांगतोस! अहो, ह्यानं कुठलं, मी मारलं! ह्याच्या टॅगवर."

रोलीनं डोळे मिटले.

वॉर्डनबाईचं हसू विरलं. तिनं नळीकडे पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "सर, म्हणजे तुम्ही ह्यांना मदत केलीत, असं म्हणायचंय ना? बंदूक धरायला वगैरे?"

"छे छे! ह्याला कुठं धरवतेय बंदूक. मीच मारलं. पण हा दहा पावलांवर होता हं, पूर्ण आवाजाच्या टप्प्यात. आम्ही नियमाबाहेर जात नाही."

"मर्व," रोली म्हणाला.

"जखमी केलं ह्यांनी, आणि शेवटची गोळी तुमची, असं होतं का?" बाईनं पुन्हा विचारलं. तिचा हात वहीवर होता, पण पेन उघडलेलं नव्हतं. एवढी मोठी पळवाट कुणी कुणाला देत नाही. बैलगाडी गेली असती तिच्यातून.

"एकच गोळी. माझी," मर्विन म्हणाला. "तुम्ही बघा ना, भोक एकच आहे."

तिनं पेन उघडलं. इथं असं चालत नाही, हे तिनं सांगितलं. ज्याचा टॅग त्यानंच मारायचं, भाऊ असो की बाप. मर्विनला आधी वाटलं, की तिला नियम ठाऊक नाही. मग त्याला वाटलं, की ती थट्टा करतेय. मग त्याला काही वाटेनासं झालं.

"तुमचा स्वतःचा टॅग होता?" तिनं विचारलं.

मर्विननं तो खिशातून काढून दाखवला. कोरा.

"मग हा का नाही लावलात? हरीण कायदेशीर झालं असतं. तुम्ही ते घरी नेऊन भावाला दिलं असतंत, तरी कुणी काही म्हटलं नसतं."

"पण ते त्याचं हरीण होतं," मर्विन म्हणाला.

हरीण जप्त होईल, एवढंच ती म्हणाली. मर्विननं विनवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणापुढे टोपी काढली. मला तुरुंगात घाला, माझी बंदूक घ्या, पण शिंगं त्याला नेऊ द्या, नाहीतर एकच शिंग द्या, असं तो म्हणत राहिला. तिचे डोळे ओले झाले होते, पण हरीण तिच्या गाडीत गेलं. रोलीनं बांधलेली गाठ तिला सुटेना, म्हणून टॅग तसाच राहिला. मर्विनच्या हातात एक कागद आला: तीन वर्षं शिकार बंद, तिथंही आणि राज्याराज्यांच्या करारानं घरच्या राज्यातही. ग्राउज मात्र तिनं परत दिले. पंख नीट राखला होता.

नॉर्थ डकोटाची पाटी मागे गेल्यावर रोली काचेकडे बघत म्हणाला, "पान त्रेसष्ट."

"काय?"

"दुसऱ्याच्या टॅगवर मारायचं नाही. पान त्रेसष्ट. खालून चौथी ओळ."

मर्विननं गाडी रस्त्याच्या कडेला घातली. टिली पुढच्या सीटवर आपटली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं ते पुस्तक वाचतोय मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मारलं असतंस?"

मर्विननं मारलं नसतं. बापाचं दूध ओतणारा तो. मग त्याचा संताप उसळला, "स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटतंय मला! माझा टॅग होता की रे खिशात! एक शब्द बोलला असतास तर शिंगं आज मागे असती!"

"तुझ्या नावाची. तुझ्या नावाची शिंगं मी माझ्या खिळ्याला लावू? आर्डिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, हे मर्विननं मारलेलं?" रोलीला दम लागला. तो नळीशी झगडत राहिला, आणि मग एकदम लहान मुलासारखा रडायला लागला. "नाक्यावर मी बोलत होतो ना रे. सगळं नीट जमलं होतं. तुला कुणी मध्ये तोंड घालायला सांगितलं होतं?"

मर्विननं गाडी सुरू केली. भावाच्या चोरीला तो चिडला होता, आणि ती चोरी आपण उघडी पाडली म्हणून त्याला स्वतःचं तोंड फोडावंसं वाटत होतं. या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात मावत नाहीत. त्याच्या मावल्या नाहीत. पुढच्या पेट्रोल पंपाच्या मागे जाऊन तो ओकला.

आर्डिसनं दार उघडलं आणि मर्विनच्या हातातले दोन ग्राउज पाहिले. तिनं ते सायीत शिजवले. रोलीनं दोन घास घेतले.

नोव्हेंबर उजाडला. सगळा गाव नारिंगी झाला. पहाटे पहिल्या गोळ्या वाजल्या तेव्हा मर्विन बिनकामाचा टँकरच्या जुन्या रस्त्यावर गाडी घेऊन हिंडत होता. नुसती हरणं हाकायची म्हटलं तरी परवाना लागतो. खोपटात भांडी घासायला ये, असं पोरं म्हणाली, तो गेला नाही. रोज सकाळी तो रोलीकडे जाऊन बसायचा. रोलीचा पलंग आता बैठकीच्या खोलीत होता. खिळा बरोबर समोर. आर्डिसनं त्यावर कॅलेंडर लावून पाहिलं. रोलीनं बोटानं खूण केली, काढ.

दोघा भावांत बोलणं होत नव्हतं. रोलीला ताकद नव्हती आणि मर्विनला तोंड नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधल्या मंगळवारी पाकीट आलं. मोंटानाचं. आर्डिसला वाटलं कोर्टाचं असेल, तिनं ते न फोडता मर्विनच्या हातात दिलं. मर्विननं स्वयंपाकघरात उभं राहून ते वाचलं, आणि मग खुर्ची ओढून बसला. नाक्यावरच्या त्या मुलीनं गाठी पाठवल्या होत्या, आणि प्रयोगशाळेला बाकी काही कुणी कळवलंच नव्हतं.

तो बैठकीत गेला. रोलीचा श्वास जुन्या पंपासारखा घुरघुरत होता. मर्विन अगदी वाकला, कारण आता रोलीच्या आवाजाचा टप्पा वीतभर राहिला होता.

"रोली, पत्र आलंय. तुझ्या नावानं. ऐक." त्यानं चष्मा लावला. "'श्री. रोलंड हॉगस्टॅड. शिकारी: रोलंड हॉगस्टॅड. आपण मारलेल्या म्यूल डिअर नराची तपासणी केली असता रोग आढळलेला नाही. आपल्या हरणाचं मांस खाण्यास...'" त्याला पुढचं वाचता येईना.

रोलीचे डोळे उघडले. "शिकारी कोण?"

"रोलंड हॉगस्टॅड. छापलंय इथं."

"परत वाच."

मर्विननं परत वाचलं. 'आपण मारलेल्या' आणि 'आपल्या हरणाचं' हे शब्द जरा मोठ्यानं वाचले. रोलीची नजर हळूहळू भिंतीकडे गेली. खिळ्यावर थांबली. आर्डिस दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावला.

आणि मग मर्विन हॉगस्टॅड, ज्यानं बापाचं दूध ओतलं, एकाहत्तराव्या वर्षी म्हणाला, "आणि खाली लिहिलंय, की चूक झाली होती. शिंगं पाठवताहेत. निघालीसुद्धा तिथून. दोन दिवसांत येतील."

त्याचे कान लालबुंद झाले होते.

रोली त्या कानांकडे बघत राहिला. मग त्याचा हात चादरीवरून सरकत आला आणि त्यानं मर्विनच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, लहानपणी धरायचा तशी.

"गाढवा," तो म्हणाला. मधे एक श्वास गेला, मग दुसरा. "हे तिथं नाक्यावर म्हणायचं होतंस रे."